कानाला सोसेल असा हेडफोन

मागच्या पावसाळ्याच्या तोंडाशी किन्हवलीकडचा एक एकोणीस वर्षांचा मुलगा आईबरोबर माझ्या शहापूरच्या दवाखान्यात आला. हातात जुन्या औषधांची पिशवी नव्हती, हेडफोन होता. म्हणाला, "डॉक्टर, याची डावी बाजू गेलीय. दुकानदार म्हणतो, चांगला आहे. मला नवा घ्यायचाय."

आई मागून म्हणाली, "डाक्तरसाहेब, याला हाका मारून मारून माझा घसा बसला. याचं ते यंत्र बिघडलंय का कान, ते तेवढं बघा."

मी त्याला हेडफोन उलटा घालायला सांगितला, म्हणजे डावी वाटी उजव्या कानावर आणि उजवी वाटी डाव्या कानावर. गाणे लावले. "आता कुठल्या कानाला बारीक ऐकू येतं?" तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डाव्याच." हेडफोन शाबूत होता.

ही साधी परीक्षा घरी कुणालाही करता येईल. एका बाजूचा आवाज कमी वाटला, तर दुकानात जाण्यापूर्वी हेडफोन उलटा घालून पाहावा. कमीपणा वाटीबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला, तर दोष यंत्रात. कमीपणा त्याच कानात राहिला, तर डॉक्टरांकडे यावे.

या मुलाच्या डाव्या कानात मळाचा बोळा घट्ट बसला होता. घरी गेम खेळताना तो हा डोक्यावरचा हेडफोन लावी, पण दिवसभर गाण्यासाठी कानात खुपसायचे इअरफोन वापरी. कानातला मळ आपोआप हळूहळू बाहेर सरकत असतो. रबरी बूच दिवसभर घातले की त्याची वाट अडते आणि तो आत ठोसला जातो. वर चिरंजीवांनी काडेपेटीच्या काडीने स्वच्छताही केली होती. पाच दिवस मळ मऊ करणारे थेंब दिले, सहाव्या दिवशी कान धुतला. मुलगा एकदम म्हणाला, "आला, आला आवाज!" (ज्यांच्या पडद्याला भोक आहे किंवा ज्यांचा कान वाहतो त्यांचा कान असा धुवायचा नसतो, म्हणून हा उद्योग घरी करू नये.)

गोष्ट एवढ्यावर संपली असती, तर मी हा लेख लिहिला नसता. निघताना मी सहज विचारले, "रात्री झोपताना कानात काही वाजतं का?" तो म्हणाला, "रातकिड्यासारखं वाजतं. दोन्ही कानांत. ते सगळ्यांनाच वाजतं ना?" नाही, सगळ्यांना वाजत नाही. आणखी चौकशी केली तेव्हा आईने सांगितले की, दुकानातून साठ रुपयांचे सामान आण म्हटले तर पोरगा 'आठ' ऐकतो. मी त्याला कल्याणला श्रवणालेख काढायला पाठवले. यात प्रत्येक कानाला हलक्या जाड सुरापासून बारीक चिरक्या सुरापर्यंत आवाज ऐकवून आलेख काढतात. त्याच्या दोन्ही कानांच्या आलेखात ४००० हर्ट्झपाशी खड्डा होता. मोठ्या आवाजाने अंतःकर्णाला इजा झाली, की ती बहुधा तिथूनच सुरू होते. वय वर्षे एकोणीस. पोलीस भरतीसाठी हा मुलगा रोज पहाटे रस्त्यावर धावतो, आणि भरतीच्या वैद्यकीय तपासणीत कानही तपासतात.

मी शहापूरला बसतो आणि आठवड्यातून दोन दिवस मुरबाडला जातो. दोन्हीकडे असे कान आता मला वरचेवर दिसतात. म्हणून गेम आणि गाणी या दोन्हींसाठी सोयीचा हेडफोन कोणता, हा प्रश्न दुकानदाराच्या बाजूने न पाहता कानाच्या बाजूने पाहू या. गेमची आणि तारांची माहिती मला घरच्याच एका खेळाडूने पुरवली आहे. ती त्याची उधारी आधीच मान्य करतो.

कानाच्या पडद्यामागे तीन चिमुकली हाडे आणि त्यांच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली पोकळी असते. तिच्यात सूक्ष्म केस असलेल्या पेशी ओळीने उभ्या असतात. एका कानात साधारण पंधरा हजार. आवाजाच्या लाटेबरोबर त्या डोलतात आणि मज्जातंतूला संदेश देतात. भाताच्या खाचराची कल्पना करा. वाऱ्याने रोपे वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. वारा फार झाला की ती आडवी होतात, पण दुसऱ्या दिवशी सावरतात. हळदीच्या डीजेवरून घरी आल्यावर कानाला दडा बसल्यासारखे वाटते आणि सकाळी बरे वाटते, ते हेच. मात्र रोज रोज असे झाले, तर काही रोपांचे दांडे मोडतात. शेतात निदान पुढच्या वर्षी नवी लावणी होते. माणसाच्या कानात या पेशी पुन्हा उगवत नाहीत, आणि त्यांना उगवणारे औषध आज आमच्याकडे नाही.

पहिल्यांदा बारीक, उंच सुरांच्या पेशी मरतात. आपल्या भाषेतले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, जाड सुरांत असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, थ यांसारखी व्यंजने उंच सुरांत असतात, ती आधी गळतात. म्हणून 'साठ'चे 'आठ' होते. असा रोगी कधीही "मला ऐकू येत नाही" असे म्हणत नाही. तो म्हणतो, "ऐकू येतं हो, पण लोक हल्ली स्पष्ट बोलतच नाहीत."

आता हिशेब. आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी आठवड्याचा शिधा ठरवून दिला आहे. ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास चालेल. ९० डेसिबल असेल तर फक्त ४ तास. १०० डेसिबल असेल तर आठवड्याला साधारण २० मिनिटे. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्म्यावर येते. पट्टीवर एक-दोन घरे पुढे सरकवल्याने काय होणार, असे वाटते, पण कानाच्या वहीत तेवढ्याने दुप्पट खर्च पडतो. फोन आणि इअरफोनची जोडी पूर्ण आवाजावर १०० डेसिबलच्या पुढे जाऊ शकते. लहान मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल, ४० तास अशी आहे. तेव्हा मुलांच्या हेडफोनच्या खोक्यावर '८५ डेसिबल' असे छापलेले असले, तरी तो दिवसभर कानाला लावून ठेवण्याचा परवाना नव्हे.

हा शिधा आठवड्याचा आहे, हेडफोनचा वेगळा आणि डीजेचा वेगळा असा नाही. आपल्या भागात हळदीला स्पीकरच्या भिंतीसमोर पोरे तास-तास नाचतात. तिथेच आठवड्याचा शिधा संपतो. त्या रात्री निजताना पुन्हा इअरफोन लावणे म्हणजे उधारीवर जगणे.

आमच्या कॉलेजच्या दिवसांतही वॉकमन होता. सोनीने तो १९७९ साली बाजारात आणला आणि आपल्याकडे हळूहळू पोचला. पण कॅसेटची बाजू संपे, ती उलटावी लागे, सेल उतरत आणि नवे सेल घ्यायला पैसे नसत. कानाला आपोआप सुट्टी मिळे. आता गाणे संपत नाही आणि बॅटरी रात्रभर पुरते. सुट्टी आपणच द्यायची आहे.

मग हेडफोन निवडायचा कसा? माझा निकष एकच आहे. ज्या जागी तुम्ही ऐकता, त्या जागी जो कमीत कमी आवाजात स्पष्ट ऐकवतो, तो सोयीचा. माणूस आवाज वाढवतो तो बहुतेक वेळा हौसेने वाढवत नाही, बाहेरचा गोंगाट झाकण्यासाठी वाढवतो. आसनगावहून मुंबईला जाणारा लोकलमध्ये जवळजवळ दोन तास बसतो, कसाऱ्याहून जाणारा त्याहून जास्त. मुरबाडकर एसटीने कल्याण गाठतो आणि मग गाडी धरतो. डब्यातला खडखडाट साधारण ८० डेसिबलच्या आसपास असतो. त्याच्यावर गाणे ऐकू यायचे तर ते ९० च्या घरात न्यावे लागते. रोज जाऊन-येऊन चार तास धरले, तर आठवड्याचा शिधा सोमवारीच खलास.

प्रवासासाठी म्हणून बाहेरचा आवाज अडवणारे साधन घ्यावे. कानात नीट बसणारे रबरी बूच किंवा कान पूर्ण झाकणारी वाटी, दोन्ही चालतील. अर्धवट लोंबणारे कडक प्लास्टिकचे इअरफोन सर्वांत वाईट, कारण ते बाहेरचे काही अडवत नाहीत. अलीकडे गोंगाट पुसणारे हेडफोन मिळतात. त्यांतला छोटा माईक बाहेरचा आवाज ऐकतो आणि हेडफोन त्याच्या उलट लाट सोडून तो रद्द करतो. गाडीच्या घरघरीसारख्या एकसारख्या आवाजावर हे चांगले चालते, माणसांच्या बोलण्यावर कमी. खर्च परवडत असेल, तर रोज लोकल करणाऱ्याला मी हे घ्यायला सांगेन. खिशात गाणे कमी आवाजावर ठेवता येणे, हाच त्याचा खरा फायदा. पण रूळ ओलांडताना, हायवेच्या कडेने चालताना आणि पहाटे धावताना ते कानातून काढलेच पाहिजे. मागून येणारा ट्रक गाण्याच्या ठेक्यावर येत नाही.

एकच बूच एका कानात घालून ऐकण्याची सवयही चांगली नाही. एका कानाने ऐकताना तेच गाणे हळू वाटते, म्हणून हात आपसूक पट्टीकडे जातो.

घरी गेम खेळण्याची गोष्ट निराळी. पब्जीवर २०२० साली बंदी आली, पुढे तो नव्या नावाने आला, पण पोरांच्या तोंडी नाव जुनेच आहे. या खेळांत शत्रूच्या पावलांचा आवाज बारीक आणि बंदुकीचा मोठा. पावले ऐकू यावीत म्हणून पोरे आवाज चढवतात, आणि त्याच चढवलेल्या आवाजात गोळी कानाशी सुटते. असे अचानक फुटणारे आवाज एकसारख्या आवाजापेक्षा अधिक घातक. २०२४ साली 'बीएमजे पब्लिक हेल्थ' या वैद्यकीय नियतकालिकात गेम आणि श्रवणावरच्या १४ अभ्यासांचा आढावा आला. त्यात गेमच्या केंद्रांत ८० ते ८९ डेसिबल आवाज आणि खेळातले काही स्फोट ११९ डेसिबलपर्यंत गेल्याची नोंद आहे. २०२५ च्या मार्चमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गेमसाठी सुरक्षित श्रवणाचे वेगळे मानकही जाहीर केले.

यावर उपाय हेडफोनपेक्षा सेटिंगमध्ये जास्त आहे. बऱ्याच गेममध्ये स्फोट, संगीत आणि बोलणे यांचे आवाज वेगवेगळे कमी-जास्त करता येतात. आधी संगीत आणि स्फोट खाली आणावेत, एकूण आवाज चढवू नये. काही संगणकांत मोठा आवाज दाबून लहान आवाज वर उचलण्याची सोय असते. ती चालू केली तर पावले ऐकू येतात आणि गोळी कान फोडत नाही.

हेडफोन डोक्यावरचा, पूर्ण कान वाटीत मावेल असा, वजनाला हलका आणि तोंडापुढे माईकची दांडी असलेला घ्यावा. पूर्ण कान मावणे महत्त्वाचे, कारण पाळीवर दाबणारी वाटी तासाभरात दुखवते आणि फटीतून आवाज गळतो. चष्मेवाल्यांनी चष्म्यासकट घालून पाहावा. चष्म्याच्या काडीने गादी उचलली जाते, जाड सूर निसटतात आणि पुन्हा आवाज वाढतो. मागून उघड्या जाळीचे हेडफोन कानाला मोकळे वाटतात, घामही कमी येतो. पण घरावर पत्रा असेल आणि जुलैचा पाऊस कोसळत असेल, तर त्यांत काही ऐकू येणार नाही. आपल्याकडे बंद वाटीच बरी.

तार की बिनतारी, या वादात माझे मत तारेकडे आहे. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाचा काही भाग उशिरा पोचतो. गाण्याला त्याने बिघडत नाही, गेममध्ये गोळी दिसते आधी आणि ऐकू येते मागून. शिवाय अनेक ब्लूटूथ हेडफोनमध्ये माईक चालू केला, की ऐकू येणारा आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. शब्द कळेनात, की माणूस आवाज वाढवतो. तारेच्या हेडफोनला ही दोन्ही दुखणी नाहीत, चार्जिंग लागत नाही आणि किंमतही कमी. जुन्या संगणकाला ऐकण्याचे हिरवे आणि माईकचे गुलाबी अशी दोन भोके असतात, फोनच्या हेडफोनला एकच पिन. त्यासाठी दोन तोंडांची छोटी जोडतार मिळते. फोनला गोल भोकच नसेल, तर चार्जिंगच्या भोकात बसणारी जोडतार घ्यावी. म्हणजे एकच हेडफोन गाण्याला आणि गेमला, फोनला आणि संगणकाला चालतो. 'सात दिशांचा आवाज' वगैरे छापलेले पाहून जादा पैसे देण्याची गरज मला वाटत नाही. आवाज कुठून आला, हे आपला मेंदू दोन कानांत पोचलेल्या आवाजाच्या फरकावरून ओळखतो. तो वेळेचा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी असतो. त्यासाठी दोन वाट्या पुरतात, मात्र दोन्ही कान चांगले हवेत. किन्हवलीचा आपला मुलगा महिनाभर खेळात हरत होता, शत्रू कुठून येतो ते कळत नव्हते म्हणून. त्याला वाटले, हेडफोन स्वस्तातला आहे. डाव्या कानात मळ होता.

आवाज किती ठेवायचा? खोली शांत असताना ठरवावा, गेम रंगात आल्यावर नाही. पट्टीच्या साठ टक्क्यांपुढे जाऊ नये. काही फोन ऐकलेल्या आवाजाची डेसिबलमध्ये नोंद ठेवतात, ती पाहावी. तासाभराने दहा मिनिटे हेडफोन काढून ठेवावा. आईची हाक ऐकू आली नाही तर आवाज जास्त आहे असे समजावे. हे मोजमाप ढोबळ आहे, पण घरात फुकट मिळते.

ज्यांचा कान वाहतो, त्यांनी बूच घालूच नये. आपल्याकडे नदी-ओढ्यात पोहणाऱ्या आणि सर्दी अंगावर काढणाऱ्या मुलांत फुटके कान पुष्कळ. बंद कानात ओल कोंडते आणि पू वाढतो. पावसाळ्यात तर धडधाकट कानातही बुचामुळे बुरशी धरते. कान सतत खाजतो, काळे-पांढरे कण येतात. त्यावर खोबरेल तेल ओतणे हा उपाय नाही, बुरशीला ते सोयीचेच पडते. अशांनी डोक्यावरची वाटी वापरावी, तीही मधून मधून काढावी. कानापुढच्या हाडावर टेकणारे हेडफोन निघाले आहेत. त्यांत कानाचे भोक उघडे राहते, हा फायदा खरा. पण त्याने कान बिघडत नाही ही समजूत चुकीची, आवाज हाडातून गेला तरी पोचतो त्याच पेशींपर्यंत. आणि घरातल्या तीन भावंडांनी एकच बूच वापरू नये. एकाचा कान फुटला की तिघांना घेऊन यावे लागते.

कानात सतत शिट्टी वाजणे, गर्दीत बोलणे न कळणे, हेडफोन काढल्यावर दडा बसणे, यांपैकी काही असेल तर श्रवणालेख काढून घ्यावा. वांद्र्याला १९८३ सालापासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही श्रवणाची तपासणी होते. एक गोष्ट मात्र तातडीची आहे. सकाळी उठल्यावर एक कान एकाएकी बंद झाला आणि त्यात मळ नाही, तर आठवडाभर थेंब टाकत बसू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठावा. लवकर औषध मिळाले तर काही कान परत येतात, उशीर झाला तर सहसा येत नाहीत.

किन्हवलीच्या मुलाने नवा हेडफोन घेतला नाही. जुनाच, तारेचा, फक्त गाद्या बदलून घेतल्या. इअरफोन आईने डब्यात ठेवून दिले आहेत. पहाटे तो आता रिकाम्या कानांनी धावतो. सुरुवातीला कंटाळा येई म्हणाला. सहा महिन्यांनी पुन्हा श्रवणालेख काढला. खड्डा होता तेवढाच आहे, वाढलेला नाही. शिट्टी रात्री अजून वाजते. पंखा चालू ठेवला की कमी जाणवते, म्हणून थंडीतही पंखा लावून झोपतो. भरतीच्या तपासणीची तारीख अजून यायची आहे.